जीजींची घासाघीस

मालीला महिन्याला किती द्यायचे, असा साधा प्रश्न मी लग्न होऊन इंदूरला आले त्याच वर्षी विचारला आणि आमच्या गल्लीत माझं हसं झालं. सासूबाईंची तब्येत बरी नसायची, म्हणून घरखर्च माझ्याकडे आला होता. नाशिकला आमच्या आईची शिकवण अशी की, कामवाली असो की दूधवाला, तोंडावर विचारावं आणि मोकळं व्हावं. म्हणून अंगणात जास्वंदीची आळी करत बसलेल्या भेरूलालला मी सरळ विचारलं, "भैया, आप महीने का कितना लेते हो?" त्याने खुरपी बाजूला ठेवली, डोक्याचा गमछा सोडून परत बांधला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वो तो जीजी से बात होगी, बाई. दिवाली के बाद."

जीजी म्हणजे ह्याची कोणी थोरली बहीण असेल आणि घरचा व्यवहार तीच बघत असेल, असं मला वाटलं. तसं म्हटल्यावर सासूबाई आजारपणातही हसल्या. जीजी म्हणजे आमच्या शेजारच्या मालतीबाई सुभेदार. माळव्यात मोठ्या बहिणीला जीजी म्हणतात, आणि गल्लीतल्या लहानथोरांनी, अगदी भाजीवाल्यानेसुद्धा त्यांना तेच नाव दिलं होतं. अन्नपूर्णा मंदिराच्या मागे आमची गल्ली. जुनी बैठी घरं, प्रत्येकापुढे हातभर अंगण, आणि सगळ्या अंगणांना मिळून एक माली. त्याचा दर जीजी ठरवणार आणि बाकीची घरं तोच देणार, अशी रीत होती. ती कोणी पाडली ते कोणालाच सांगता आलं नाही.

संध्याकाळी जीजी स्वतःच आल्या. ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, नाकावर घसरणारा चष्मा. बसायच्या आधीच म्हणाल्या, "तू भेरूला सीधं विचारलंस म्हणे. अगं बेटा, असं नाही विचारत. तो बिचारा शरमून गेला न. त्याला भाव बोलू द्यायचा, मग आपण तो नाकारायचा. तेव्हा कुठे बात सुरू होते."

"पण मग नेमके किती द्यायचे?"

त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "दिवाळीपर्यंत तुझी सासू देत होती तेवढे दे. आगे मी बघते."

जीजींची सगळी नोकरी ट्रेझरीत गेली होती. लोकांची बिलं तपासायची, त्यांतल्या चुका काढायच्या आणि परत पाठवायची, हेच त्यांनी वर्षानुवर्षं केलं. आजेसासरे होळकरांच्या दरबारी कारभारात होते, त्यामुळे आडनाव मोठं आणि पगार लहान. नवरा लवकर गेला. वृंदा नावाची एकुलती एक मुलगी त्यांनी त्याच पगारात वाढवली, इंजिनिअर केली. घासाघीस ही त्यांची गरज होती हे उघड आहे, पण गरज संपल्यावरही ती सुटली नाही, कारण तोवर त्यात त्यांचा हात बसला होता. एखाद्याला पेटी वाजवता येते तसं त्यांना भाव पाडता येई.

एकदा त्यांच्याबरोबर विजय नगरच्या मॉलमध्ये जायचा प्रसंग माझ्यावर आला. त्यांनी वृंदासाठी चादर पसंत केली आणि काउंटरवरच्या मुलीला शांतपणे म्हणाल्या, "ठीक ठीक बता बेटा, आखिरी कितना." मुलीने लेबल दाखवलं. जीजींनी चष्मा काढला. मी चार पावलं मागे सरकून दिव्यांच्या माळा बघू लागले. मागे रांग वाढली. मुलीने मॅनेजरला बोलावलं. त्याला जीजींनी आधी त्याचं गाव विचारलं, मग त्याच्या आईची तब्येत, मग चादरीच्या शिलाईतला एक निसटलेला टाका दाखवला. शेवटी त्याने किंमत कमी केली नाही, पण कापडी पिशवी फुकट दिली. बसमध्ये जीजी ती पिशवी मांडीवर ठेवून बसल्या होत्या. "अपने यहाँ कोई चीज़ फिक्स नसते," त्या म्हणाल्या, "सामनेवाला फिक्स असतो फक्त. त्याला जरा हलवावं लागतं."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: मागितलं तर घासायचं, नाही मागितलं तर द्यायचं. हे नुसतं बोलणं नव्हतं. भेरूलालच्या बायकोच्या, रामकन्याच्या, डोळ्याला मोतीबिंदू झाला तेव्हा त्याने कोणाला सांगितलंही नव्हतं. जीजींनी ते त्याच्या उशिरा येण्यावरून ओळखलं. तिला स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, दोघी तिथे राहिल्या, आणि पैशाचं पुढे नाव निघालं नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर ह्या दोघांची पन्नास रुपयांवरून अशी जुंपली की पुढ्यातले पोहे गार झाले. मी भेरूलालला हळूच विचारलं, "अरे, त्यांनी रामकन्यासाठी एवढं केलं, आणि तू पन्नास रुपये सोडत नाहीस?" त्याला माझा प्रश्नच कळला नाही. "वो अलग बात है, बाई. ये अलग बात है."

ती दिवाळीनंतरची बैठक म्हणजे आमच्या गल्लीचा सण होता. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याला हिंगोट असतं. हिंगोटाच्या फळात फटाक्याची दारू भरून दोन गावचे लोक ती पेटती फळं एकमेकांवर फेकतात आणि त्याला खेळ म्हणतात. भेरूलालचं गाव तिथून जवळ. तो न चुकता जायचा आणि आठवड्याभराने एक जळकी बाही आणि पिशवीभर सीताफळं घेऊन परत यायचा. जीजी वेताच्या खुर्चीत, तो खालच्या पायरीवर. आम्ही आपापल्या कुंपणाशी काहीतरी काम काढून उभे राहायचो.

सुरुवात कधी पैशाने होत नसे. गव्हाची पेरणी, विहिरीचं पाणी, हिंगोटात कोणाचं काय भाजलं, हे सगळं व्हायचं. मग जीजी म्हणायच्या, "तो बोल, अबके कितना लूटेगा?"

"आप जो समझो, जीजी."

"मैं जो समझूँगी उसमें तेरी बीड़ी भी नी आएगी."

"तो हजार कर दो."

चष्मा उतरायचा. "हजार में तो मैं खुद खुरपी ले के बैठ जाऊँ."

"बैठो. घुटने किसके दुखेंगे?"

"मेरी अबोली किसने मारी, ये बता पहले."

"भगवान ने मारी."

"तो भगवान के हिस्से के काट ले उसमें से."

असं तासभर चालायचं. शेवटी भेरूलाल उठायचा, पिशवी खांद्याला लावायचा, "नी जमेगा" म्हणून फाटकापर्यंत जायचा आणि कडी काढायला इतका वेळ लावायचा की तेवढ्यात एक चहा झाला असता. कडी वाजली की जीजी म्हणायच्या, "सुन." तो परत येऊन त्याच पायरीवर बसायचा. मग कधी साडेसातशेवर, कधी आठशेवर गाडी थांबायची. त्याशिवाय रविवारी पोहे, वर शेव आणि अर्धी जिलबी. अर्धीच का, तर एका वर्षी तो पूर्ण मागत होता आणि जीजी नाही म्हणत होत्या, म्हणून. ठरलं की जीजी कुंपणावरून आकडा जाहीर करायच्या आणि आम्ही सगळे तो मान्य करायचो.

कोपऱ्यावरच्या घरात एक तरुण जोडपं भाड्याने आलं, तेव्हा एकदाच ह्यात मिठाचा खडा पडला. दोघंही कंपनीत नोकरीला, स्वभावाने चांगली. त्यांनी पहिल्याच महिन्यात भेरूलालच्या हातावर पंधराशे ठेवले. गल्लीतले लोक चिडले, हे रेट बिगाडतात म्हणून. मला वाटलं, भेरूलाल तरी खूश असेल. तर तो पैसे घेऊन तणतणत जीजींकडे आला. माझ्या देखतच म्हणाला, "पूछा नी, बोला नी, सीधे पकड़ा दिए. मंदिर के बाहर बैठे हुए को देते हैं वैसे." जीजी त्या जोडप्याकडे गेल्या. मुलगा म्हणाला, "आंटी, उनकी मेहनत का है." जीजी म्हणाल्या, "मेहनत का है तो उससे लड़ के दे न, बेटा." त्या मुलाला काय समजलं कोण जाणे, पण पुढच्या दिवाळीनंतर ती दोघं आमच्याबरोबर कुंपणाशी येऊन उभी राहिली.

हे सगळं असंच चालायचं होतं. जीजी सत्तरीच्या पुढे गेल्या, भेरूलालची दाढी पांढरी झाली, आमच्या सासूबाई गेल्या. गल्लीतली दोन घरं पाडून तिथे मजले चढले आणि तिथल्या लोकांनी अंगणाच्या जागी फरशी घातली. तरी उरलेल्या अंगणांचा भाव जीजींच्या पायरीवरच ठरत होता.

मग एका उन्हाळ्यात तो फोन आला. मी ऑफिसात होते. संध्याकाळी परतले तर जीजी आमच्या दारात उभ्या. मोबाईल त्यांनी अंगापासून लांब धरला होता, पोळला असावा तसा. पेन्शनचं काहीतरी अडलंय, असं सांगणारा कोणी होता. फार गोड बोलत होता, माताजी माताजी करत होता. तासभर फोनवर होता. त्याने सांगितलं ते त्या दाबत गेल्या, आलेले नंबर वाचून दाखवत गेल्या. खात्यात जे होतं ते सगळं गेलं.

मी वृंदाला फोन केला. ती विजय नगरच्या आपल्या फ्लॅटवरून धावत आली. बँक झाली, पोलिसांत तक्रार झाली, हेल्पलाइनवर तास गेले. सगळ्यांनी सहानुभूती दाखवली, पैसे कोणी परत आणले नाहीत. जीजी रडल्या नाहीत. फक्त एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, "त्याने एकदाही पैसे मागितले नाहीत गं, मेधा. मागितले असते तर मी एक पैसा सुटू दिला नसता." खरंच होतं ते. जन्मभर ज्या दारावर त्यांनी पहारा केला, त्या दारातून चोर आलाच नव्हता.

वृंदाने मग कोणतीही मुलगी करील तेच केलं. पेन्शनचं खातं स्वतःच्या फोनला जोडलं, आईचा मोबाईल बदलून साधा बटणांचा दिला. किराणा, वीज, कामवाली, सगळ्यांचे पैसे ती तिकडून पाठवू लागली. दर रविवारी डबे भरून यायची आणि फ्रिज लावून जायची. तिला दोष द्यायला जागा नव्हती. तिचं काम, मुलाची बारावी, नवरा बंगलोरला. ती दमलेली असायची, तरी येत होती.

त्या वर्षी दिवाळी झाली. भेरूलाल सीताफळं घेऊन आला आणि पायरीवर बसला. आम्ही कुंपणाशी होतो. पेरणी झाली, पाणी झालं, हिंगोट झालं. बोलणं सगळं भेरूलालच करत होता. शेवटी त्यानेच म्हटलं, "तो जीजी, अबके बारा सौ कर दो."

जीजी म्हणाल्या, "ठीक है. वृंदा भेज देगी."

भेरूलाल थांबला. पुढचं येईल म्हणून वाट बघत राहिला. मग म्हणाला, "बारा सौ बोला मैंने."

"हाँ. ठीक है न."

तो उठला. सवयीने फाटकापर्यंत गेला, कडीला हात लावून उभा राहिला. जीजी सीताफळांकडे बघत होत्या. थोड्या वेळाने तो फाटक उघडून सरळ आमच्याकडे आला. त्याला हवे होते त्याहून जास्त मिळाले होते आणि त्याचा चेहरा मात्र उतरलेला. "जीजी मेरे से नाराज है क्या, बाई? मेरे से कुछ गलती हुई?"

मी त्याच दिवशी जीजींकडे गेले. त्या स्वयंपाकघरात एकट्याच भाजी निवडत होत्या. मी विचारलं, "जीजी, बाराशे म्हणाला आणि तुम्ही हो म्हणालात?"

"मग काय करू?" त्या म्हणाल्या. "घासाघीस ज्याचे पैसे असतात न, त्याने करायची असते. आता मी वृंदाच्या पैशावर कशी भांडू? आणि भांडून वाचवणार किती, पन्नास? घालवले किती ते तुला माहीत आहे." मी म्हटलं, पेन्शन तर तुमचीच आहे. त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "पेन्शन माझी आहे ग. अक्कल माझी राहिली नाही. माझ्या हिशेबावर माझाच भरोसा नाही आता. भेरू बारा म्हणाला तेव्हा मला कळेचना, बारा जास्त की कमी."

त्यांना ते उत्तम कळत होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण माणसाने स्वतःबद्दल एकदा असं ठरवलं की शेजाऱ्याने काय करावं? मी त्यांच्याबरोबर मेथी निवडत बसले. दुसरं काही हातात नव्हतं.

भेरूलालला मी समजावून सांगितलं की जीजींचा व्यवहार आता दीदी बघते. तो म्हणाला, "पैसा किसी का भी हो, बाई. जुबान तो जीजी की है." आणि मग त्याने ते केलं, जे त्याच्या मते अगदी बरोबर होतं.

रविवार होता. मी जीजींची वाटी परत द्यायला गेले होते आणि ओसरीतच बोलत उभी होते. आत वृंदा फ्रिज लावत होती. भेरूलाल आला, पायरीवर न बसता समोर उभा राहिला आणि छाती काढून म्हणाला, "जीजी, मैंने सोच लिया. बारा सौ में नी होगा. पाँच हजार लूँगा."

जीजींनी मान वर केली.

"पाँच हजार," तो म्हणाला. "एक रुपिया कम नी. और जिलेबी पूरी."

जीजींचा हात चष्म्याकडे गेला. मी पाहिलं, त्यानेही पाहिलं. तो जरा पुढे वाकला, डोळ्यांत हसू मावत नव्हतं. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, आता निघतंय, अबोली तरी निघतेय. तेवढ्यात वृंदा ओल्या हातांनी बाहेर आली.

"कितना बोला तुमने?"

तो अजून हसतच होता. "पाँच हजार, दीदी."

"महीने का? इन चार गमलों का?" तिचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "इनको अकेला देख के बोल रहे हो न?"

भेरूलालचं हसू विझलं. "दीदी, वो तो मैं जीजी को..." एवढं बोलून तो थांबला. पुढे काय म्हणणार? की मी त्यांना भांडायला लावत होतो? जीजींच्या समोर ते तोंडातून कसं काढायचं?

"अगं वृंदा," जीजी म्हणाल्या, "तो तसं नाही म्हणत. मी ओळखते न त्याला. चांगला माणूस आहे."

"आई," वृंदा म्हणाली, "त्या फोनवाल्यालाही तू हेच म्हणाली होतीस."

जीजींचा हात चष्म्यावरून खाली आला आणि मांडीवर पडला. मी "वृंदा, अगं ऐक तर" म्हणायला गेले, तर तिने "वहिनी, प्लीज" म्हणून मला थांबवलं. तिचे डोळे भरून आले होते. तिने भेरूलालला महिन्याचा हिशेब चुकता केला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. तो गेला. फाटक त्याने मागे नीट लावून घेतलं.

त्याच आठवड्यात मी वृंदाकडे गेले आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. पायरी, हिंगोट, अर्धी जिलबी. तिने ऐकून घेतलं. हे तिने लहानपणापासून पाहिलेलं होतं, ती का विसरली असेल? ती म्हणाली, "वहिनी, तुमचं खरं असेल. पण मी कोणाकोणाचं खरं धरू? तो फोनवालाही तासभर आईला खराच वाटत होता. उद्या आणखी कोणी आला आणि आई हो म्हणाली, तर मी ऑफिसातून काय करणार?" मी चहा पिऊन परत आले.

तिने एका एजन्सीकडून माली लावला. महिन्याला चार फेऱ्या, खताचे वेगळे, पैसे ॲपवर. एक टी-शर्टवाला माणूस यायचा, झाडं कापून चौकोनी करायचा, फोटो काढून वृंदाला पाठवायचा आणि जायचा. वाईट काम नव्हतं त्याचं. जीजी खुर्चीत बसून बघत असायच्या. त्याने त्यांना कधी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही नव्हतंच.

भेरूलाल आमच्याकडे येत राहिला. गल्लीचा असा एक दर आता उरला नाही, ज्याला जे सुचेल ते तो देऊ लागला. पुढच्या दराची वेळ आली तेव्हा मीच धीर करून बसले. तो हजार म्हणाला. मी म्हटलं, "सात सौ." तो म्हणाला, "ठीक है, बाई." मी घाबरून म्हटलं, "अरे, असं कसं ठीक? तू काहीतरी बोल न." त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "रहने दो. आपसे नी होगा." शेवटी मी हजारच दिले.

हिवाळ्यात जीजी न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण वृंदाने मनावर घेतलं आणि त्यांना विजय नगरच्या फ्लॅटमध्ये नेलं. घराला कुलूप लागलं. मी अधूनमधून जात असे. दिवसभर सांभाळायला एक बाई होती. हॉलमध्ये एक छोटा कॅमेरा, त्यातून वृंदा ऑफिसातून आईला बघायची आणि बोलायचीही. जीजींना तिथे काही कमी नव्हतं. त्या माझ्याशी टोमॅटोच्या भावाबद्दलसुद्धा बोलत नसत.

गेल्या दिवाळीनंतर भेरूलाल सीताफळं घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, जीजी के यहाँ ले चलो. पैसे की बात नी करूँगा." मी त्याला घेऊन गेले. तिथल्या फाटकावर गार्डने आमची नावं फोनवर टाकली. माझं नाव वृंदाने आधीच देऊन ठेवलं होतं, त्याला परवानगी आली. त्याच्या नावाला आली नाही. वृंदा मीटिंगमध्ये होती, तिने फोन उचलला नाही. गार्डला मी परोपरीने सांगितलं. त्याचंही काही चुकत नव्हतं. शेवटी भेरूलालच म्हणाला, "आप जाओ. ये दे देना," आणि त्याने सीताफळांची पिशवी माझ्या हातात दिली. तो रस्त्याच्या पलीकडे, दुभाजकाच्या झाडापाशी जाऊन उभा राहिला.

चौथ्या मजल्यावर जीजी पलंगावर बसून होत्या. मी सीताफळं ताटात काढली. त्यांनी एक उचलून दाबून पाहिलं. मी म्हटलं, "भेरू खाली उभा आहे. वर सोडत नाहीत."

त्या उठल्या. वॉकर घेऊन बाल्कनीत गेल्या. मी बरोबर होते. खाली गाड्यांच्या पलीकडे तो मान वर करूनच उभा होता. त्याला त्या दिसल्या. त्याने हात केला, मग दोन्ही हात वर उचलले, सगळी बोटं पसरली आणि तसेच धरून ठेवले. दहा. दहा हजार. एवढ्या लांबून मला त्याचे दात दिसले.

"लुच्चा," जीजी हळूच म्हणाल्या. त्यांनी एक हात वॉकरवरून सोडला. चष्मा काढून मुठीत धरला, चेहऱ्यावर ते जुनं ट्रेझरीतलं कडक काहीतरी आलं आणि उजव्या हाताचं एक बोट वर उठू लागलं.

मागून हॉलमधला कॅमेरा बोलला. "आई? उन्हात कशाला उभी राहिलीस गं? चक्कर येईल." वृंदाचा आवाज अगदी मायेचा होता. सांभाळणारी बाई लगबगीने येऊन म्हणाली, "चलो माताजी, दीदी बुला रही हैं."

जीजींनी चष्मा परत डोळ्यांवर लावला. खाली भेरूलालचे हात अजून तसेच वर होते. त्यांनी त्याच्याकडे बघून दोन्ही हात जोडले आणि त्या बाईच्या हाताला धरून आत गेल्या.

मी रिकामी पिशवी घेऊन खाली आले. भेरूलालने तेव्हा हात खाली घेतले होते. मी पिशवी त्याच्या हातात दिली.

"नी जमा," तो म्हणाला आणि पिशवीची घडी घालत बस-स्टॉपकडे चालू लागला.